पायरीवरचा लाटसाहेब

लाटसाहेबाच्या घराण्यातला सगळ्यात मोठा जनरल संडासात टांगलेला होता.

खोटं सांगत नाही. या देशातली घरं म्हणजे उभ्या ठेवलेल्या काडेपेट्या. जिना असा, की उतरताना माणसानं शिडी समजून पाठमोरं उतरावं. त्यात ह्याच्याकडं पूर्वजांची तैलचित्रं. दोन बैठकीत मावली, एक जिन्यात. उरला तो लाल कोटातला, पांढऱ्या मिशांचा थोरला जनरल. त्याचं चित्र उंच पण अरुंद, म्हणून ते खालच्या संडासात, वाढदिवसांच्या कॅलेंडरशेजारी. इथले लोक ते कॅलेंडर संडासातच लावतात. का, ते मला विचारू नका. मी पहिल्यांदा आत गेलो आणि तसाच बाहेर आलो.

"काय झालं?" लाटसाहेब म्हणाला.

"आत कुणीतरी आहे."

तो इतका हसला की भिंत धरावी लागली. मग म्हणाला, "त्याच्यासमोर भल्याभल्यांची गाळण उडायची. तू निवांत बस."

लाटसाहेब हे नाव आमच्या हिनं ठेवलेलं. ही म्हणजे माझी मंडळी. आता नाही. थंडीत आम्ही दोघं पोराकडं, डच लोकांच्या देशात फोरबर्गला आलो, तीन महिने राहू, नातीला बघू आणि उन्हाळ्याच्या आत साताऱ्याला परत जाऊ म्हणून. मग तो रोग आला, विमानं बंद झाली. ही गेली. मी राहिलो. शेजारच्या घरात लाटसाहेब एकटाच राहायचा. बायको डच होती, तीही वारलेली. मूलबाळ नाही. वय नव्वदीला टेकलेलं.

पहिली भेट आठवते. मी माकडटोपी घालून दारात उभा. समोरून हा सायकलवर आला. कोट, टाय, आणि पँट साखळीत अडकू नये म्हणून पायाशी कपडे वाळत घालायचे चिमटे लावलेले. मला बघून थांबला आणि ओरडला, "ए आदमी! इधर आओ!"

मी चौथी शिकलेला माणूस. जन्मभर साताऱ्याच्या डेपोत एस.टी.चे टायर बदलले. पण "ए आदमी" अशी हाक मला तिथल्या मॅनेजरनंसुद्धा मारली नव्हती. मी म्हटलं, "तू इधर आ."

आतनं पोरगा धावत आला. "बाबा, इथं असं बोलत नाहीत!"

पण लाटसाहेब आला. सायकल लावली, चिमटे काढून खिशात घातले, ताठ उभा राहिला आणि हात पुढं केला. म्हणाला, "बऱ्याच वर्षांनी कुणी मला हुकूम दिला. फौजी आहेस?"

"नाही. टायरवाला."

"चालेल. आजपासून तू हवालदार."

ही त्याची मोडकी हिंदी छावणीतली होती. त्याचा बाप खडकीला फौजेत साहेब होता. हा सात वर्षांचा होईपर्यंत तिथं वाढला, आयांच्या आणि खानसाम्यांच्या अंगाखांद्यावर. त्यामुळं त्याला हिंदीत दोनच गोष्टी यायच्या, हुकूम सोडणं आणि हट्ट करणं. मला हिंदी डेपोपुरती. पण आमचं अडलं नाही. मी इथं त्याचं बोलणं मराठीतच लिहितो, कारण माझ्या डोक्यात ते तसंच राहिलंय.

घराणं आयर्लंडातलं. तिथले मोठे जमीनदार, पण इंग्रजांच्या बाजूचे. पिढ्यान्‌पिढ्या एक मुलगा फौजेत आणि एक राजकारणात अशी वाटणी ठरलेली. तो म्हणायचा, "जो मूर्ख असेल त्याला फौजेत घालायचे. त्याहून मूर्ख असेल तो निवडून यायचा."

"आणि तू?"

"मी कांदे विकले."

हे खरं. पोरसवदा असताना घरच्यांनी फौजेत घालायचं ठरवलं, तर हा नाही म्हणाला आणि इकडं पळून आला. नीउ-व्हेनेप गावाकडं ट्यूलिपच्या फुलांचे कांदे पिकवणाऱ्या एका माणसाकडं कामाला लागला. त्याच्याच पोरीशी लग्न केलं आणि जन्मभर फुलांचे कांदे विकले. हे ऐकल्यावर ही मला म्हणाली, "म्हंजे लाटसाहेब कसला, बागवानच की! आपल्यातलाच माणूस." आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यासाठी भाकरी वाढली.

भाकरी तो काट्या-चमच्यानं खायचा. ही कपाळावर हात मारायची. हेग शहरातल्या सुरीनामी, म्हणजे मूळच्या आपल्याकडच्याच लोकांच्या दुकानातनं पोरगा ज्वारीचं पीठ आणायचा, त्यातल्या दोन भाकऱ्या रोज कुंपणापलीकडं. ठेच्यानं त्याचं नाक वाहायचं, टायनं डोळे पुसायचा आणि म्हणायचा, "हवालदार, तुझी बायको माझ्या बापापेक्षा कडक आहे." तो तिला मेमसाहेब म्हणायचा. ही म्हणायची, "कसली मेमसाहेब! भांडी घासून हात बघा." तिला वाटायचं त्याला मराठी कळतं. त्याला काही कळायचं नाही, पण तो दर वेळी मान झुकवायचा.

मग दीड मीटरचा नियम निघाला. दोघा माणसांत दीड मीटर अंतर. आता कुंपणावरून भाकरी द्यायची कशी? लाटसाहेब आत गेला आणि तलवार घेऊन आला. संडासातल्या जनरलची. मूठ चांदीची, पातं लांबच लांब. ती त्यानं कुंपणावरून आडवी पुढं केली आणि हिनं भाकरीची पिशवी तिच्या टोकाला अडकवली. मग रोजचंच झालं. मागच्या अंगणात तो त्याच्या खुर्चीत, आम्ही आमच्या. तलवारीवरून भाकरी जायची, लोणचं जायचं, तिकडून बिस्किटांचा पुडा यायचा. पलीकडची डच बाई गॅलरीतून बघायची आणि पडदा ओढायची. इथं पडदा कुणी ओढत नाही. म्हणजे विचार करा.

एकदा मी विचारलं, "या तलवारीनं माणसं मारली असतील ना?"

"मारली. चार देशांत. आता पहिल्यांदाच हिच्यावरून कुणाला जेवायला मिळतंय."

मी त्याला सांगितलं, माझा आजा पहिल्या महायुद्धात गेला. बसऱ्याच्या बाजूला कुठंतरी. घरी एक बिल्ला आला होता, तो आजीनं मोडून पोरीच्या पायांतले वाळे केले.  त्या लढाईत लाटसाहेबाचा आजाही तिकडंच होता, हुकूम देणाऱ्यांत.

म्हणाला, "तुझा आजा माझ्या आजाच्या हुकमानं मेला असेल."

"असेल. मग आज चहा तू कर."

त्यानं केला. साखर विसरला, पण केला.

बढती द्यायची आणि काढून घ्यायची, हे त्याचं सारखं चालायचं. भाकरी पापुद्र्याची निघाली की मी सुभेदार. पत्त्यांत मी जिंकलो की परत शिपाई. कालव्यावर एक करडा बगळा दिवसभर एका पायावर उभा असायचा, त्याला तो मंत्री म्हणायचा. फिरायला निघाला की टोपी काढून विचारायचा, "काय मंत्रिमहोदय, आज काही निर्णय?" बापाबद्दल आणि चुलत्याबद्दलही असंच बोलायचा. बाप फौज सोडून लंडनच्या पार्लमेंटात बसला, चुलता इंग्रजांपासून सुटलेल्या आयर्लंडच्या नव्या सरकारात गेला. तेव्हापासून दोघे भाऊ एका टेबलाशी जेवायचे, पण एकमेकांशी बोलायचे नाहीत. मीठ हवं तर नोकराला सांगायचं, 'त्या गृहस्थांना विचार, त्यांचं झालं का, आणि मीठ इकडं आण.' शेवटी घर रिकामं झालं. छप्पर असलेल्या घराचा कर वाचवायला कुणा वारसानं छप्पर उतरवून विकलं. "आता तिथं मेंढ्या झोपतात," लाटसाहेब म्हणायचा. "पायऱ्या तेवढ्या आहेत. पायऱ्या कुणी चोरत नाही."

त्या पायऱ्यांचंच सांगायचं आहे.

हिला ताप आला, मग मलाही. हिला दम लागायला लागला तशी पोरानं अँब्युलन्स बोलावली. चंद्रावर जाणाऱ्यांसारखे कपडे घातलेली दोन माणसं आली, त्यांनी हिला खुर्चीत बसवून जिन्यातनं उतरवली. मला बजावलं, दारात यायचं नाही, तुम्हालाही आहे. मी वर उभा. खाली पोचल्यावर ही ओरडली, म्हणजे तिला जेवढं ओरडता येत होतं तेवढं, "दूध ठेवलंय, बघा!"

ती बाहेर पडल्यावर मी खाली स्वयंपाकघरात गेलो. दूध उतू गेलेलं. गॅस बंद केला. आणि मग, का कोण जाणे, ओटा पुसत बसलो. तिला ओटा घाण आवडायचा नाही. पुसून पुढच्या खिडकीशी आलो, तर गाडी वळणावर पोचलेली. रस्त्यावर पोरगा, हातात तिचे कागद. आणि शेजारच्या पायरीवर लाटसाहेब. कोट घातलेला, टाय लावलेला, टोपी काखेत, हात अंगाला चिकटवून लाकडासारखा उभा. हात हलवला नाही की काही नाही. गाडी गेल्यावरही तो हलला नाही.

ही परत आली ती तांब्याएवढ्या डब्यात. तो डबा नातीच्या पुस्तकांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला. साताऱ्याला माहुलीच्या घाटावर तो कधी न्यायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं.

तापातनं उठलो आणि पहिलं काम म्हणजे कुंपणाशी जाऊन लाटसाहेबाला शिव्या घातल्या. मराठीत घातल्या, हिंदीत पुरत नव्हत्या. मग हिंदीत म्हटलं, "माझी बायको चालली होती. तुला रोज खायला घालणारी. आणि तू खांबासारखा उभा! हात हलवायला काय लकवा भरला होता?"

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खुर्ची कुंपणाजवळ ओढली, दीड मीटर विसरून.

"आमच्या घरची रीत आहे," तो म्हणाला. "घरातून कुणी लांब निघालं, लढाईला किंवा कुठंही, की घरातला थोरला पुरुष वरच्या पायरीवर उभा राहतो. हात हलवत नाही. बोलत नाही. गाडी वळणाआड जाऊन धुरळा खाली बसेपर्यंत हलत नाही. आणि जाणारा मागं वळून बघत नाही. वळला तर दोघंही मोडतात. घराबाहेरच्या माणसासाठी आमच्यातला कुणी आजवर उभा राहिला नव्हता. मी मेमसाहेबांसाठी राहिलो."

 जे मनात रुतलं होतं ते मी विचारलं.

"तिनं वळून बघितलं का? वर, खिडकीकडं?"

लाटसाहेबानं टाय सरळ केला. "नाही. एकदम सरळ गेली. जनरलसारखी."

तेव्हा मला फार बरं वाटलं. खिडकी रिकामी होती, पण तिनं बघितलीच नाही. कितीतरी महिने मी त्या एका वाक्याच्या आधारावर झोपलो.

त्या दिवशी तो मग बोलतच राहिला. त्याला एक थोरला भाऊ होता. हा दहा-अकरा वर्षांचा असताना भाऊ लढाईवर निघाला. बाप पायरीवर उभा, मागं हा. भाऊ गाडीत बसला, गेला, वळला नाही. परत आला नाही. "मला त्याचा चेहरा आठवत नाही, हवालदार. फोटो आहेत, पण फोटोतला चेहरा फोटोचाच. मला त्याची मान आठवते. नुकतेच केस कापलेली. कानामागं साबण राहिला होता."

"आणि तू घर सोडलंस तेव्हा?"

"कांदे विकायला निघालो तेव्हा? बाप बाहेर आलाच नाही." बिस्किटाचा तुकडा त्यानं मुंग्यांना टाकला. "आमच्यात त्याहून मोठी शिक्षा नाही. मी घराण्यातला पहिला माणूस असेन, मी वळून बघितलं. फाटकाशी. पायरी मोकळी होती."

मग एकदम माझ्याकडं बोट करून हुकूम सोडला, अगदी पहिल्या दिवसासारखा. "मी जाईन तेव्हा तू उभा राहायचं. माझ्या पायरीवर. टोपी काढून. समजलं?"

"तू कशाला मरतोस इतक्यात?"

"समजलं की नाही?"

"समजलं."

"सुभेदार!" तो म्हणाला, आणि ती बढती त्यानं पुन्हा कधी काढून घेतली नाही. पत्त्यांत हरला तरी.

ते वर्ष गेलं. भाकऱ्या मी थापायला शिकलो, वेड्यावाकड्या, आयर्लंडच्या नकाशासारख्या, असं तोच म्हणायचा. तलवारीवरून तो नकाशा घ्यायचा आणि कुठला परगणा करपलाय ते सांगायचा. माझं पोरगं दिवसभर वरच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर, सूनबाई दुसऱ्या खोलीत, नात डचमध्ये खिदळायची. माझ्याशी रोज बोलणारा तो एकटाच. दोन म्हातारे, एकाची हिंदी आयाची, एकाची डेपोची.

पुढच्या हिवाळ्यात लाटसाहेबाला खोकला लागला. इथला घरचा डॉक्टर आधी फोनवरच बोलतो, पाणी प्या, आराम करा. मग एका सकाळी त्याच्या दाराशी अँब्युलन्स. मी कोट अंगावर चढवला, माकडटोपी काढून काखेत घेतली आणि धावत शेजारी गेलो. ती माणसं म्हणाली, लांब थांबा. मी लांब थांबलो. त्याला स्ट्रेचरवरून पुढं नेल्यावर त्याच्या पायरीवर चढलो. एकच पायरी, या देशात दुसरी असते कुठं. ताठ उभा राहिलो. हात अंगाला चिकटवले. माझ्या बापाच्या मयतीलासुद्धा मी इतका सरळ उभा नव्हतो.

स्ट्रेचर गाडीशी पोचलं. नाकावर नळी, अंगावर पिवळी चादर. आणि लाटसाहेबानं मान उचलली. वळवली. माझ्याकडं बघितलं.

चादरीतनं त्याचा हात बाहेर आला. बोटं हलली. तिथल्या बाईनं हात चादरीत घातला. त्यानं पुन्हा काढला. पुन्हा हलवला, लहान पोरं हलवतात तसा, नुसतं मनगट.

मी हललो नाही.

मला वाटलं, परीक्षा बघतोय. मला वाटलं, आता मी हललो तर त्याच्या सगळ्या घराण्याचा मान जाईल. मी दात आवळून समोर बघत राहिलो. तो हात हलवतच होता. दार लागलं. गाडी वळणाआड गेली. धुरळा इथं उडत नाही, पाऊस होता, म्हणून किती वेळ उभं राहायचं ते कळेना. राहिलो. पोरगा येऊन म्हणाला, "बाबा, भिजताय." तेव्हा आत गेलो.

त्याच आठवड्यात तो गेला. अंत्यविधी कॉम्प्युटरवर दाखवला. पेटी, एक पाद्री, लांब लांब बसलेली चार-पाच माणसं. पोरानं म्हटलं, "बाबा, संपलं बहुतेक." आणि काळ्या पडलेल्या पडद्यात आमचीच तोंडं दिसायला लागली.

नंतर कितीतरी दिवस तो हात डोळ्यांसमोरून जाईना. ज्यांच्यात कुणी वळत नाही त्या घरातला माणूस वळला होता. भावानं त्याला मान दाखवली, यानं मला चेहरा दाखवला. आणि मी त्याला काय दाखवलं? त्याचा बाप दाखवला. पायरी मोकळी नव्हती एवढंच. रीत पाळली मी, शब्दाला जागलो, आणि त्याला हवा होता तो एक हात वर केला नाही.

आणि मग दुसरी गोष्ट कळली. हा वळला, तर ती वळली नसेल? ती, जी बाजारातनं येतानासुद्धा चारदा मागं वळून बघायची, मी येतोय का नाही? वळली असणार. खिडकीकडंच बघितलं असणार. लाटसाहेबानं बघितलं होतं ते. मोकळ्या पायरीकडं वळून बघणं काय असतं हे त्याला ठाऊक होतं, म्हणून टाय सरळ करून माझ्याशी खोटं बोलला. राजकारण केलं म्हाताऱ्यानं. जन्मात एकदाच.

उन्हाळ्यात विमानं सुरू झाली तेव्हा त्याचा चुलत पुतण्या लंडनहून मोठी गाडी घेऊन आला. चाळिशीचा, गोरापान, नाक तेच. त्यानं चित्रं उतरवली, तलवार कापडात गुंडाळली. संडासातल्या जनरलचे स्क्रू गंजले होते, निघेनात. मी पोराचा पाना नेला, थोडं तेल सोडलं, टायरचे नट काढतात तसे काढले. जनरलला आम्ही दोघांनी आडवा धरून बाहेर आणला. पुतण्यानं "थँक यू, सर" म्हटलं. मी त्याला सांगणार होतो सगळं, पण माझं इंग्रजी तिथवर जात नाही, आणि त्याला हिंदी येत नव्हती. त्याला कुणी आया नव्हती.

तो गाडीत बसला, फोन लावला, निघाला. मागच्या काचेतनं दिसत होतं, एकावर एक ठेवलेले सगळे, बाप, आजा, आणि सगळ्यात वर तो थोरला, पांढऱ्या मिशांचा, तोंड माझ्याकडं.

मी लाटसाहेबाच्या पायरीवर उभा होतो. टोपी काखेत नव्हती, हातात होती. मी ती वर केली आणि हलवली. मग दुसराही हात वर केला. पलीकडची डच बाई गॅलरीत आली, बघत राहिली, या खेपेला तिनं पडदा ओढला नाही. गाडी वळणावर पोचली, वळली, दिसेनाशी झाली.

मी दोन्ही हात हलवत राहिलो.